उकव्यापलीकडची दुर्बीण

सकाळी खाली स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी पडायची, त्याच सुमाराला माडीवरच्या खोलीत वैदेहीच्या संगणकावर आकाश उतरायला लागायचं. उकव्यापलीकडच्या टेकडीवरच्या दुर्बिणीनं रात्रभर जे जे पाहिलं, ते तुकड्यातुकड्यानं बालाघाटला यायचं. अहिल्याबाई खालून दोनदा हाक मारायच्या आणि तिसऱ्यांदा बशीच वर घेऊन यायच्या. लेक पडद्यावरची नजर न काढता पोह्यांत चमचा खुपसायची.

"निदान लिंबू तरी पीळ," आई म्हणायची.

वैदेही खगोलशास्त्रज्ञ होती आणि दीर्घिका हा तिचा विषय होता. अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती म्हणजे एक दीर्घिका, आपली आकाशगंगाही त्यांतलीच. पुण्यात शिकून, काही वर्षं परदेशात काढून ती परत आली, तेव्हा तिची संस्था नव्या दुर्बिणीसाठी अंधारी जागा शोधत होती. तिनं नकाशावर थेट आपल्या जिल्ह्यावर बोट ठेवलं. बैहर रस्त्यानं गांगुलपाऱ्याचा घाट चढायचा, उकव्याच्या मँगनीजच्या खाणी मागे टाकायच्या, मग सालाच्या जंगलात एक उघडी, काळपट मातीची टेकडी लागते. खाणीचे दिवे तिथवर पोचत नाहीत. सिंचाई विभागातून निवृत्त झालेले तिचे वडील, नंदकिशोर, काली पुतली चौकात भेटेल त्याला सांगायचे की जगातल्या चांगल्या जागा सोडून पोरगी दुर्बीण घेऊन घरी आली.

दुर्बीण फार मोठी नव्हती, पण तिची नजर रुंद होती. पौर्णिमेचे कितीतरी चंद्र शेजारी शेजारी मावावेत एवढा आकाशाचा तुकडा ती एका छायाचित्रात घ्यायची आणि त्याच तुकड्याकडे पुन्हा पुन्हा यायची. मग कालच्या चित्रातून आजचं चित्र वजा करायचं. जे बदललं नाही ते पुसलं जातं, राखाडी पडदा उरतो. त्या राखाडीवर एखादा ठिपका राहिलाच, तर तिथं काहीतरी नवं घडलेलं असतं. एखादा तारा फुटलेला असतो, नाहीतर एखादा लघुग्रह सरकलेला. दीर्घिका मात्र नेहमी पुसल्या जातात. माणसाची जात जन्माला आल्यापासून त्यांच्यात डोळ्यांना दिसेल असा बदल झालेला नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी मीन राशीच्या वरच्या अंगाला, राखाडीवर, तांदळाच्या दाण्याएवढे दोन डाग राहिले. एक पांढरा, एक काळा, एकमेकांना चिकटलेले.

तिनं मूळ चित्र काढलं. तिथं एक दीर्घिका होती, कडेकडून दिसणारी. जेवणाचं ताट डोळ्यांसमोर आडवं धरलं की त्याची फक्त कड दिसते, तशी एक बारीक उजळ रेघ. त्यात नवल काही नव्हतं, अशा हजारो असतात. पण ती वजाबाकीत पुसली गेली नव्हती.

तिनं टेकडीवर फोन लावला. दुर्बिणीची यंत्रं सांभाळणारा गजेंद्र राजेगावचा, वयानं तिच्याएवढाच. मोटारी, तारा, आरसे सगळं त्याच्या हाती असायचं.

"गजेंद्रभाऊ, कॅमेऱ्यावर दव बसलं होतं का काल?"

"नाई ताई. मी आत्ताच काच पाहून आलो, एकदम चकाचक हाये. काहून? काही गडबड झाली का?"

"एक दीर्घिका हलल्यासारखी दिसते."

"मंग मोटार पाहू का?"

"मोटार बिघडली असती तर सगळंच हललं असतं. आजूबाजूचे तारे सुईच्या टोकासारखे आहेत."

"दुपारी सारं खोलून पाहतो," तो म्हणाला.

त्यानं सारं खोलून पाहिलं. बिघाड कुठंच नव्हता.

पुढच्या चित्रांत डाग वाढत गेले. रेघ जाड होत होती. आधी बाभळीच्या काट्यासारखी होती, मग जवसाच्या दाण्यासारखी झाली. वैदेहीनं मापं घेतली, पुन्हा घेतली, दुसऱ्या रीतीनं घेतली. शंका उरली नाही. ताट कलत होतं. कडेकडून दिसणारी दीर्घिका हळूहळू आपल्याकडे तोंड करत होती.

त्या दिवशी ती खुर्चीतून उठून गच्चीवर गेली आणि नुसतीच फिरत राहिली. एवढ्या मोठ्या वस्तूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला उजेडालाच लाखभर वर्षं लागतात. ती महिन्याभरात कलणं शक्यच नव्हतं. सगळी पुस्तकं तसंच सांगत होती, आणि खाली संगणकावर ती कलत होती. लहानपणी वैनगंगेला पहिल्यांदा पूर पाहिला तेव्हा तिला असंच झालं होतं. भीती वाटली होती, आणि काठावरून हलावंसंही वाटलं नव्हतं.

अपूर्व पुण्यात होता. पीएचडीपासूनचा मित्र, कामात तिच्याहून काटेकोर. त्यानं फोनवर तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"वैदेही, जेवलीस का तू?"

"चित्रं बघ आधी."

त्यानं पाहिली. मग ओळखीपाळखीनं परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीकडून त्याच दीर्घिकेचं ताजं चित्र मागवलं. ते आलं. त्यात ती पहिल्या दिवशी होती तशीच होती, बारीक रेघ.

"आता काय म्हणशील?" त्यानं विचारलं. "खोट तुझ्या दुर्बिणीत आहे."

तिलाही तसंच वाटलं, आणि ती खोट शोधायला ती इरेला पेटली. कॅमेरा फिरवून लावायला सांगितला, काचा बदलल्या. शाळेच्या पोरांना तारे दाखवायला टेकडीवर एक छोटी दुर्बीण ठेवलेली होती. गजेंद्रनं तिला वेगळा कॅमेरा जोडून संध्याकाळचा बराच वेळ त्याच जागेवर रोखून ठेवली. चित्र अंधूक आलं, पण रेघ जाडच होती. दोन वेगळ्या दुर्बिणी, दोन वेगळे कॅमेरे, आणि दोघांना तेच दिसत होतं.

"म्हणजे टेकडीवरून ती तशी दिसते," अपूर्व हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता.

जानेवारीत मावठा आला. ढग बसले आणि दुर्बिणीचा घुमट आठवडाभर बंद राहिला. आकाश निवळल्यावर आलेल्या पहिल्याच चित्रावर वैदेही तुटून पडली. दीर्घिका जिथं सोडली होती तिथंच होती, केसभरही पुढं गेलेली नव्हती. त्यानंतर रोज बघणं सुरू झालं आणि ती पुन्हा वळायला लागली.

तिनं हे घरी जेवताना सांगितलं. नंदकिशोर घास हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे तुम्ही बघता तेव्हाच ती वळते?"

"तसं दिसतंय बाबा."

"वा," ते म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "बेटा, याला तर तुझं नाव देतील."

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवर गेली. घाटात धुकं होतं, वर मात्र लख्ख ऊन पडलं होतं. घुमटाखाली एक खोली, बाहेर चूल, आणि चुलीजवळ पायथ्याच्या पाड्यावरच्या शेवंताबाई. टेकडीवरच्या माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या आणि आपल्या दोन गायी नि बकऱ्या वरच चरायला आणायच्या. वैदेही पोचली तेव्हा जनावरं विखरून चरत होती. तिनं गजेंद्रबरोबर यंत्रं तपासली आणि जेवायला बाहेर आली, तर सगळी जनावरं उभी होती. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला होती.

"हे काय मावशी?"

"तेच त मी म्हणून राह्यली," शेवंताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पाण्याची झड आली का ढोरं पाठ देतात ना, तशी उभी राह्यतात. पन कोठं हाये पानी? हवा बी नाई. रोजचंच झालं हे."

"रोज याच दिशेला?"

"नाई वं पोरी. सकाळून चरतात. मंग हळूहळू फिरतात. सांजच्याले खाली बसतात, माना पोटाशी घालून. मारलं तरी उठत नाईत."

वैदेहीनं जनावरांकडे पाहिलं. एका बकरीचं पिल्लू आईच्या पोटाखाली शिरून तसंच उभं होतं, पूर्वेकडे पाठ करून. पूर्वेला काही नव्हतं. सालाची झाडं, त्यावर निळं आकाश.

तिनं फोन काढला. कोणता तारा कुठं आहे ते त्यावर दिवसाही कळायचं. तिनं मीन राशीतली ती जागा शोधली आणि फोन आकाशाकडे धरला. बाण फिरला आणि पूर्वेकडे, झाडांच्या शेंड्यांच्या बराच वर, निळ्या उजेडात थांबला. दीर्घिका तिथं होती. उगवून वर चढत होती, आणि संध्याकाळी बालाघाट जिल्ह्याच्या थेट डोक्यावरून जाणार होती. तेव्हा जनावरांना पाठ करायला दिशाच राहणार नव्हती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. हे कोणाला सांगायचं, आणि कसं सांगायचं? ती घाईनं गजेंद्रकडे वळली.

"भाऊ, हे पाहा, ती आत्ता—"

गजेंद्र जेवत होता. मघाशी तिच्या समोर बसला होता, आता तिच्याकडे आणि पूर्वेकडे पाठ करून बसला होता. ताट मांडीवर होतं.

"भाऊ, तुम्ही वळून का बसलात?"

"मी?" त्यानं मान न फिरवताच विचारलं. "मी कोठं वळलो ताई? तुमीच तिकडे जाऊन बसल्या."

शेवंताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांचा चेहराही पश्चिमेकडेच होता आणि धूर सरळ डोळ्यांत जात होता, तरी त्या बाजूला सरकत नव्हत्या.

त्या रात्री घरी जेवताना अहिल्याबाईंनी लेकीच्या खांद्याला हात लावला.

"रुसलीस का कोणावर? भिंतीकडे तोंड करून का जेवतेस?"

वैदेहीनं पाहिलं. ताट पाटाच्या पलीकडच्या बाजूला होतं आणि ती भिंतीला नाक लावून बसली होती. कधी वळली ते तिला आठवेना. पश्चिमेची खिडकी तिच्या पाठीमागे होती, आणि एव्हाना दीर्घिका त्याच बाजूला उतरली होती.

फेब्रुवारी लागला. आता घाई होती. सूर्य रोज थोडा थोडा मीन राशीकडे सरकत होता. महिनाअखेर दीर्घिका त्याच्या उजेडात बुडाली असती आणि मग पावसाळा सरेपर्यंत दिसली नसती. ती जवळजवळ पूर्ण वळली होती. रेघेचं पान झालं होतं, पानाचं वर्तुळ होत आलं होतं, आणि त्यात दोन भुजा दिसायला लागल्या होत्या, गुंडाळलेल्या, निळसर. इतकी देखणी दीर्घिका तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

अपूर्वला राहवलं नाही. तो गोंदियापर्यंत रेल्वेनं आला आणि राजेगावचा पूल ओलांडून टॅक्सीनं बालाघाटला पोचला. दार उघडताच त्यानं बॅग तिथंच ठेवली आणि माडीवर गेला. दोघं दुपारपर्यंत खाली उतरले नाहीत. अहिल्याबाईंना वरून नुसते आवाज ऐकू येत होते, परीक्षेचा निकाल लागलेल्या पोरांसारखे. चिन्नोर तांदळाचा भात थंड झाला.

"मला एक सांग," जेवायला बसल्यावर अपूर्व म्हणाला. "हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. बरोबर?"

"बरोबर."

"मग आपण बघतो म्हणून ती वळते असं कसं म्हणायचं? आज जे वळताना दिसतंय ते तेव्हाच घडून गेलं असणार." तो थांबला. भाताचा घास त्याच्या हातात तसाच होता. "म्हणजे कोणी बघायच्या आधीच तिनं वळायला घेतलं होतं."

अहिल्याबाई वाढता वाढता थबकल्या. नंदकिशोरांनी वरण मागितलं. वैदेहीचे डोळे चमकत होते.

"आज शेवटचं मोठं चित्र घेऊ," ती म्हणाली. "टेकडीवर जाऊन."

ते पोचले तेव्हा चूल विझलेली होती. शेवंताबाई जनावरं घेऊन परसवाड्याला लेकीकडे निघून गेल्या होत्या. गजेंद्र घुमटाच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, चेहरा ओढलेला.

"ताई, एक गोष्ट बोलू का?"

"बोला ना भाऊ."

"आज नोका घेऊ तो फोटो."

"का?"

"मले बी समजत नाई काहून ते. पन पाहा, आजवर ते आपल्याकडे वळून राह्यलं होतं. पुरं वळल्यावर मंग काय?"

वैदेही त्याच्या शेजारी बसली. त्याच्या बोलण्याला हसावं असं तिला वाटलं नाही. पण इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी आकाशाकडे पाहिलं आणि हे आपल्याच वाट्याला आलं होतं. एका संध्याकाळवर आलेलं सोडून घरी जायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

"पूर्ण वळली की आपण थांबू," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल तेव्हा घुमट बंद."

गजेंद्र उठला. "घुमट मी उघडून देतो. पन मी बाहेर उभा राह्यतो."

सूर्य मावळला. सालाच्या रानावर निळसर अंधार उतरला आणि पश्चिमेकडे पहिले तारे दिसले. वैदेही आणि अपूर्व खोलीत पडद्यासमोर बसले. पडदा पश्चिमेच्या भिंतीला होता. वर घुमट घरघरत उघडला आणि दुर्बीण पश्चिमेकडे वळून थांबली.

"सुरू करतोय," अपूर्व म्हणाला.

कळ दाबल्याचा आवाज आला. आता काही मिनिटं वाट पाहायची होती.

रातकिडे थांबले.

वैदेहीला आधी ते लक्षात आलं नाही. तिच्या लक्षात आला तो समोरच्या भिंतीवरचा चुन्याचा पोपडा. त्याचा आकार तिला ओळखीचा वाटला, आणि मग उमगलं की ही पूर्वेची भिंत आहे. पडदा मागे आहे. भिंतीवर त्याचा उजेड पडला होता, आणि त्यात दोन सावल्या होत्या.

"अपूर्व."

"हं."

"आपण वळलोय."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मघापासून परत वळायचा प्रयत्न करतोय. मान फिरत नाही."

तिनंही करून पाहिला. मानेला काही झालं नव्हतं, दुखत नव्हती. फक्त शरीर ऐकत नव्हतं. जळत्या लाकडाला हात लावायला हात जसा तयार होत नाही, तसं.

मागे संगणकानं बारीक टुणकन आवाज केला. चित्र आलं होतं.

भिंतीवरचा उजेड बदलला. किंचित निळा झाला.

"नको बघू," अपूर्व पुटपुटला.

पण तिला बघायचं होतं. एवढं एकच तिला त्या क्षणी नक्की माहीत होतं. तिनं खुर्चीचे हात धरले, पाय जमिनीला रोवले, आणि दात आवळून खुर्चीसकट स्वतःला फिरवलं.

दीर्घिका पूर्ण वळली होती.

पडद्याच्या मधोमध, पूर्ण गोल. मधला भाग सोनेरी, भोवती दोन निळ्या भुजा. कुठंही कलती बाजू नव्हती. वैदेहीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीतीचं होतं की आनंदाचं, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

मग मान सैल पडली. दोघांची एकदमच. रातकिडे पुन्हा सुरू झाले. अपूर्वनं वळून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. बाहेर गजेंद्र पाठमोरा उभा होता. त्यानं न वळता विचारलं, "झालं का ताई?"

"झालं," ती म्हणाली. "बंद करा घुमट."

त्यानं बंद केला. परतताना तो जीपमध्ये मागे बसला. घाट उतरल्यावर म्हणाला, "मी उद्या राजेगावले जातो. काही दिवस घरीच राह्यतो." वैदेही हो म्हणाली.

सकाळी अपूर्वच्या फोनवर परदेशातल्या दुर्बिणीचं नवं चित्र आलं. त्या पहिल्या चित्रानंतर तो रोज एक मागवायचा, त्यातलंच हे. त्यानं ते उघडलं आणि फोन वैदेहीसमोर धरला.

त्याही चित्रात ती गोल होती. काल सकाळी तिथंच रेघ होती.

आता खोट टेकडीत नव्हती, दुर्बिणीत नव्हती. आता जगातल्या कोणालाही बघता आलं असतं. अपूर्व खोलीभर येरझारा घालत कोणाकोणाला फोन लावत होता, एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं बोलत होता. खाली नंदकिशोर पेढे आणायला चौकात गेले. अहिल्याबाईंनी देवापुढं दिवा लावला.

वैदेही शोधनिबंधासाठी चित्र सजवायला बसली. गोल झालेल्या दीर्घिकेशेजारी तुलनेला कडेकडून दिसणारी एखादी दुसरी ठेवावी, म्हणजे वाचणाऱ्याला फरक लगेच कळेल, असं तिच्या मनात आलं. कालच्या रुंद चित्रात हजारो दीर्घिका होत्या. त्या आकाशात वाटेल तशा विखुरलेल्या असतात, कोणी आडव्या, कोणी कलत्या, कोणी समोरून दिसणाऱ्या. कडेकडच्या भरपूर मिळतात. तिनं संगणकाला सगळ्यांत बारीक दीर्घिका शोधायला सांगितली.

संगणकानं सांगितलं, मिळाली नाही.

तिनं चित्र मोठं केलं आणि स्वतः शोधायला घेतलं. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. एक गोल. शेजारची गोल. तिच्यामागे धूसर, लहान, तीही गोल. ती भराभर पुढं सरकत राहिली. तिनं डिसेंबरातलं जुनं चित्र काढलं. त्यात रेघाच रेघा होत्या, हव्या तितक्या. मग तिनं कालच्याच चित्राची दुसरी पट्टी उघडली, पार उत्तरेच्या कडेची. त्या बाजूला त्यांनी महिन्याभरात लक्षही दिलं नव्हतं. तिथल्या दीर्घिकाही गोलच होत्या, एकूण एक.

ती हात मांडीवर ठेवून बसली. अपूर्व खिडकीपाशी फोनवर मोठमोठ्यानं हसत होता.

जिन्यावर पावलं वाजली. नंदकिशोर पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, आणि कौतुकानं वाकून बघत राहिले.

"किती सुंदर आलंय गं," ते म्हणाले. "आपल्या घरच्या लग्नात एवढे फोटो काढले, पण सगळेच्या सगळे एकदम कॅमेऱ्याकडे बघताहेत असा एकही आला नाही."